रांजणीचं जुनं वळण

साखळीकाकांना एखादं ठिकाण किती लांब आहे असं विचारलं, तर ते किलोमीटर सांगत नसत आणि मिनिटंही सांगत नसत. ते साखळ्या सांगत. नेरचं बसस्टँड त्यांच्या घरापासून अठ्ठावीस साखळ्या, माझी शाळा चोवीस साखळ्या सहा आणे, आणि चौकातला पोहेवाला फक्त नऊ. जुन्या मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे भाग सोळा आणि प्रत्येक भागाला म्हणायचं आणा, हे मला त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी कळलं. काकू आतून म्हणाल्या, "यांना भाजीवाला कुठवर आला विचारलं ना, तर आण्यात सांगतील. तोवर भाजीवाला निघून जाते." काकांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढच्या चार वर्षांत काकूंची अशी निम्मी वाक्यं त्यांनी ऐकलीच नाहीत.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, घरात शेतीचा तुकडा नाही, आणि आयुष्य गेलं दुसऱ्यांची शेतं मोजण्यात. खात्यात नवी यंत्रं आली तेव्हा जुनी लोखंडी साखळी भंगारात निघाली. ती काकांनी मागून घरी आणली आणि दाराच्या मागे खिळ्याला टांगली. दसऱ्याला तिला तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं, वर आपट्याचं पान ठेवायचं. एका दसऱ्याला त्यांनी मला एक जुनी रीत सांगितली. पूर्वीचे मोजणीदार हद्दीचा दगड रोवायच्या आधी खड्ड्यात ओंजळभर कोळसा टाकत. दगड कोणी रातोरात हलवतो, चोरतो, त्याचा पाटा करतो, पण मातीतला कोळसा सडत नाही आणि कोणाला हवासाही वाटत नाही. वाद निघाला की खणायचं. कोळसा लागला की हद्द तिथेच. "आमच्या खात्यातली एवढी एकच गोष्ट शहाणपणाची," असं म्हणून ते हसले. आपल्या खात्याला नावं ठेवताना मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मी यवतमाळची, लोहाऱ्याकडच्या वस्तीत वाढलेली. नेरच्या शाळेत भूगोल शिकवायला आले होते. काकांनी पहिल्या आठवड्यात मला उलटतपासणीला घेतलं. "भूगोल शिकवता ना बाई? मग सांगा, रांजणी कोणत्या दिशेला वाहते?" रांजणी हे गावाबाहेरच्या नाल्याचं नाव आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.  "पोरांना मिसिसिपी शिकवून राहिल्या तुम्ही, आणि पायाखालचा नाला माहीत नाही." मला राग आला. रविवारी सकाळी सातला मी चपला घालून त्यांच्या ओसरीवर उभी राहिले ती त्या रागानेच. त्यानंतर चार वर्षं, पाऊस असो की ऊन, आमचा रविवार रांजणीवर गेला.

नाला तसा कोणी फोटो काढावा असा नाही. वरच्या खडकाळ माळावर तो उगम पावतो. तिथे काळ्या कातळात पाण्याने गोल खोल खड्डे पाडले आहेत, त्यांना लोक रांजण म्हणतात, आणि त्यांत चैत्रापर्यंत पाणी राहतं. खाली आला की काळी माती लागते, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, आणि मग पुढे बेंबळा नदीकडे. काका मला रांजणात हात घालायला लावायचे. तळाशी गुळगुळीत गोटे लागत. "हे गोटे लक्षात ठेवा," ते म्हणायचे. "असा गोटा शेतात सापडला तर समजायचं, इथून पाणी गेलं आहे."

इतिहास सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. रांजणी हा बंजाऱ्यांच्या बैलांचा मुक्काम होता. मिठाचे, धान्याचे तांडे यायचे, शेकडो बैल रांजणांवर पाणी प्यायचे आणि पुढे निघायचे. मग निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. कापसाच्या गाड्या रेल्वेपर्यंत जायला रस्ता हवा होता. रांजणी नेमकी त्या रस्त्यावर मोठं वळण घेऊन दोनदा आडवी येत होती, म्हणजे पूल दोन बांधावे लागणार. तेव्हाच्या गोऱ्या साहेबाने डोकं चालवलं. वळणाच्या गळ्यातून सरळ चर खणला, नाला त्या चरात घातला आणि तीन कमानींचा एकच पूल बांधला. वळण कोरडं पडलं. त्यानंतर शेतसारा ठरवायला बंदोबस्ताची मोजणी झाली तेव्हा नकाशावर नाला सरळच उमटला, आणि वळणाच्या जागी नुसती सरकारी पड जमीन. रस्ता झाला, रेल्वे झाली, बैलांवरून माल वाहणाऱ्यांचं काम संपलं, आणि तांडा तिथेच माळावर बसला तो कायमचा.

"साहेब हुशार होता, कंजूस होता, आणि बदली होऊन गेला," काका म्हणायचे. हे ते अशा सुरात म्हणत की साहेब गेल्या महिन्यापर्यंत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असावा. पुलाखाली उभं राहून ते कमानीच्या दगडावरून हात फिरवायचे. घडाई चांगली आहे म्हणायचे. मग जवळची बांबूची काठी गाळात खुपसायचे. त्या काठीवर त्यांनी आण्यांच्या खुणा केल्या होत्या. पावसाळ्यात ते रोज सकाळी जाऊन कमानीखालचा गाळ मोजत आणि वहीत लिहून ठेवत. गावाने त्यांचं नाव नाल्याचे डॉक्टर ठेवलं होतं. शाळेतले शिक्षकही मला विचारायचे, "काय मॅडम, पेशंट कसा आहे?" मीही हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. त्या वर्षांत आमच्या तालुक्यात मोठ्याने कोणी बोलत नसे. वर्गात हजेरी घेताना एखादं नाव आलं की पोरं खाली बघायची आणि मी पुढचं नाव घ्यायचे. जिनिंगचं आवार सुनं पडलेलं असायचं. बांध फुटले तरी कोणी घालत नव्हतं, नाल्याच्या काठाला पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग तसेच पडलेले असायचे, आणि प्रत्येक पावसाला त्यातली काही पऱ्हाटी वाहत जाऊन पुलाच्या कमानींत अडकायची. पूर्वी गावकी मिळून उन्हाळ्यात कमानी साफ करायची. त्या वर्षांत कोणाला त्या कामाला ये म्हणायचीसुद्धा चोरी झाली होती. काका काकूंना न सांगता स्वतः खाली उतरून पऱ्हाटी ओढून काढत आणि घरी आल्यावर हाताला काटे लागले कसे याचं काहीतरी खोटं कारण देत.

बाहेरून जीपगाड्या यायच्या, पाहणी करायला. अशीच एक समिती एकदा पुलावरून चालली होती. काकांनी हात करून गाडी थांबवली. आतल्या साहेबांनी काच खाली केली आणि फार मऊ आवाजात विचारलं, "बोला बाबा, घरात काय झालं? कापूस किती एकर?"

"कापूस नाही साहेब. हा नाला आहे," काका म्हणाले. "कमानी बुजल्या की हा जुन्या वळणात शिरेल. तिथे माणसं राहून राहिली आहेत."

साहेबांनी शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने कागदावर काहीतरी टिपलं, आणि गाडी निघाली. महिन्याभराने काकांच्या नावाने एक छापील पत्र आलं. त्यात धीर सोडू नका असं लिहिलं होतं आणि मनाच्या आजारावरच्या शिबिराचा पत्ता होता. काकू ते वाचून रडल्या. काकांनी पाठीमागची कोरी बाजू पाहिली आणि तिच्यावर गाळाचे आकडे लिहिले.

एक गोष्ट माझ्या पहिल्यापासून ध्यानात आली होती. आमची फेरी पुलापासून जुन्या वळणावर जायची. त्या वळणाच्या सपाटीवर तांड्याची बावीस घरं होती, विटांची, सरकारी योजनेतली. घरांच्या अलीकडे एक कडुनिंब होता. काका त्या कडुनिंबापाशी थांबायचे आणि तिथूनच परत फिरायचे. पहिल्या घराच्या दारात तांड्याची नायकीण बसलेली असायची. थावरी तिचं नाव. तांड्याचा नायक मरून बरीच वर्षं झाली होती, पण शब्द तिचाच चालायचा. हातभर पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून आरसे लावलेली फडकी, आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप नीट उभा राहील. ती तिथूनच ओरडायची, "काय मोजणीदार, आज किती गाळ?" काका इकडून ओरडून आणे सांगायचे. ती मान डोलवायची. तेवढंच बोलणं व्हायचं.

दुसऱ्या वर्षी मी विचारलं, "काका, तुम्ही त्या झाडापुढे का जात नाही?"  मग कडुनिंबाखाली बसून त्यांनी मला सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

तांड्याला माळावरून खाली आणून घरं द्यायचं ठरलं, तेव्हा ती जागा मोजायला काकाच आले होते. तरुण होते, कामात चोख होते. खुंटी ठोकायला खड्डा केला तर त्यातून गुळगुळीत गोटा निघाला. नायकीण तेव्हा नवी सून होती, डोक्यावर घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हे पाण्याची जागा हाये, साहेब. आमच्या बुढ्यायचे बैल इथं पानी पेत." काकांनी नकाशा उघडला. नकाशात तिथे नाला नव्हता. त्यांनी तिला दाखवून म्हटलं, "नकाशात नाही." तिला वाचता येत नव्हतं. ती घागर घेऊन निघून गेली. काकांनी गोटा बाजूला फेकला आणि कागदावर सही केली.

"आम्हाला शिकवलंच होतं तसं," ते म्हणाले. "जमीन आणि नकाशा यांत फरक आला तर नकाशा खरा धरायचा. मी गोटा हातात घेतला होता बाई. हातात घेऊन फेकला."

तो साहेबाचा चर, वळण, पूल, हे सगळं त्यांनी जुन्या दप्तरांतून नंतर शोधून काढलं होतं, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं: पाणी परत यायच्या आत ती बावीस घरं माळावर न्यायची. ते अर्ज करत. मी सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचे. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं. सदर ठिकाणी नाला असल्याचे नकाशावरून दिसून येत नाही, असं त्यात होतं, आणि पुरावा म्हणून एक मोजणीची प्रत जोडली होती. प्रतीवर काकांचीच सही होती. ती सही त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तांड्यालाही हलायचं नव्हतं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. नायकिणीचा मुलगा परसराम एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, पक्कं घर सोडून माळावर कायले जाऊ? तिथं ना नळ ना लाइन. तुम्हीच त मोजून देल्लं होतं."  पण परसरामची आई, तो तिला याडी म्हणायचा, काय ते समजून होती असं मला वाटतं. तिने तांड्यातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मोजणीदार ओरडला की विचारत बसायचं नाही, माळावर जायचं.

चौथ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी ते झालं. त्या दिवशी बैलांना नाल्यावर धुतात, त्यांचे खांदे हळदीने आणि लोण्याने चोळतात. दोन दिवस वरच्या माळाकडे पाऊस लागून होता, पण नेरला दुपारी चक्क ऊन पडलं होतं. शाळा लवकर सुटली म्हणून मी काकांबरोबर पुलाच्या खालच्या अंगाला उभी होते. पूर्वी त्या दिवशी नाल्यात पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. त्या वर्षी तांड्याचे आणि गावाचे मिळून मोजके बैल होते, कारण बरेच जण बैल विकून मोकळे झाले होते. तरी बायका होत्या, मुलं होती, थोडं हसणं होतं. परसराम आपली जोडी धुवून पलीकडच्या काठाने चारायला घेऊन गेला होता.

काकांनी एकाएकी माझा दंड धरला. "बाई, पाणी कमी कसं झालं?"

मी पाहिलं. बैलांच्या पोटाला लागणारं पाणी गुडघ्यावर आलं होतं. लोकांना बरंच वाटत होतं. काका मात्र पांढरे पडले. वर पाऊस पडतो आहे आणि खाली पाणी आटतं, याचा अर्थ एकच होता, पऱ्हाटीने कमानी बुजल्या आणि पाणी पुलाच्या मागे तटून जुन्या वळणाकडे वाट काढत होतं. "माळावर!" ते ओरडले. "सगळे माळावर चला!" त्या शांत माणसाच्या गळ्यात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. घरांकडून नायकिणीने तो ऐकला आणि तिने आपल्या बोलीत हाक दिली. म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या, सगळी माळाच्या चढाला लागली. काका त्या दिवशी पहिल्यांदा कडुनिंबाच्या पुढे गेले. एका आजीला पाठीवर घेऊन वर आले.

माळावर सगळी आली. नायकिणीने एकेका घराचं नाव घेऊन माणसं मोजली. सगळी होती. खाली वळणाच्या तोंडाशी गढूळ पाण्याची जीभ दिसायला लागली होती, अजून घोट्याएवढीच. नायकीण वळली आणि खाली चालू लागली. काका आडवे आले, त्यांनी तिचं मनगट धरलं.

"कागद पेटीत राह्यला, मोजणीदार," ती म्हणाली. "तुमच्या सहीचा. तो गेला त आमाले दुसरं घर कोन देईन?"

काकांचा हात सुटला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिने हिसडा दिला नव्हता. तिचं बोलणं ऐकून त्यांचा हात आपोआप सुटला, आणि ती झपझप उतरून घरात गेली. ती आत असतानाच मागून पाणी आलं. ते कसं आलं ते मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी गावात पोळा भरला नाही. सकाळी, जुनं वळण परत नाल्याला मिळतं तिथे ती सापडली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने कमरेला बांधला होता. तो कोरडा होता. त्यावरची सही स्वच्छ वाचता येत होती.

पंचनामा झाला. कारकून भला माणूस होता, दोन दिवस झोपला नव्हता. काका त्याच्या टेबलापुढे उभे राहून म्हणाले, "लिहा, नाला जुन्या पात्रात आला. जागा मोजताना चूक झाली. मोजणी माझी." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काका, कायले अंगावर घेता? रिटायर माणूस तुम्ही. देवाची करणी आहे." आणि त्याने अतिवृष्टी असं लिहिलं. त्यावर कोणाचीच तक्रार नव्हती. सगळे काकांना समजावत होते, तुमचा काही दोष नाही, तुम्ही तर लोकांना वाचवलं. मीही तेच म्हणाले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी नका म्हणू." त्यानंतर त्यांनी साखळ्या सांगणं बंद केलं. पोहेवाला किती लांब आहे विचारलं तर नुसतं बोट दाखवायचे. काकूंना बोलायला काही उरलं नाही, आणि त्या घरातला तो शुकशुकाट मला सहन होत नसे.

तूर सोंगायच्या दिवसांत, थंडीत, त्यांनी एक जबाब लिहिला. सोबत स्वतः काढलेला नकाशा, जुन्या वळणासह. अशा जबाबाला दोन पंच लागतात. एक मी झाले. दुसरा तांड्यातलाच हवा असा त्यांचा हट्ट होता. तांडा तोवर माळावर पत्र्यांच्या खोल्यांत गेला होता. आम्ही दोघं चढून गेलो. परसराम दारात उभा होता. त्याने बसा म्हटलं नाही.

तो सातवीपर्यंत शिकलेला. त्याने कागद सावकाश वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "स्थानिक स्त्रीने सदर ठिकाणी पाण्याचा प्रवाह असल्याबाबत अवगत केले. हे कोन बोललं? माही याडी असं बोलली होती काय?"

"नाही," काका म्हणाले.

"मंग ते जशी बोलली तसं लिवा. आन तिचं नाव लिवा. अन् सगळ्यायच्या आंधी लिवा."

आयुष्यभर सरकारी भाषेत लिहिलेल्या त्या माणसाने तिथेच मांडी घातली आणि नवा कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं: थावरी नायकीण म्हणाली, हे पाण्याची जागा हाये, साहेब. खाली लिहिलं: मी म्हणालो, नकाशात नाही. मग बाकीचा जबाब. 

परसरामने सही केली. पेन परत देताना म्हणाला, "मी तुमाले माफ नाई करत, काका. याडी काई वापस येत नाई. पन हे लिवलं ते खरं हाये. खरं हाये मून सही केली."

"तेवढंच पाहिजे होतं," काका म्हणाले. पावसाळ्यानंतर त्यांचा चेहरा जरा सैल झालेला मी तेव्हा पाहिला.

त्या आठवड्यात दाराआडची साखळी खाली आली. काका, परसराम आणि मी, तिघांनी जुनं वळण मोजलं आणि दोन्ही काठांनी दगड रोवले. प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर कोळसा पडला. कोळसा परसरामच्या चुलीतला होता. जबाब कचेरीत दिला, त्याच्या नकलेवर पोच म्हणून शिक्का मिळाला. पुढे काही उत्तर आलं नाही. काका त्यानंतरचा पोळा पाहायला राहिले नाहीत. काकूंनी साखळी आणि ती नक्कल माझ्याकडे दिली. "मी काय करू याचं? तुम्हीच ऐकलं त्यांचं सगळं," असं म्हणाल्या. माझी नंतर बदली झाली. दर दसऱ्याला मी साखळीला तेल लावते.

मागच्या हिवाळ्यात परसरामचा फोन आला, "बाई, एकदा येऊन पाहा." मी गेले. जुन्या वळणावर जेसीबी फिरून सगळं सपाट झालं होतं. रंगीत झेंडे लागले होते, प्लॉटचे चुन्याचे चौकोन आखले होते. दगड एकही नव्हता. कडुनिंब तेवढा सावलीसाठी ठेवला होता. खुर्चीवर एक तरुण बसला होता. चांगला, अदबीने बोलणारा. त्याने मला पाणी दिलं. मी म्हटलं, इथून नाला जातो. तो म्हणाला, नाही मॅडम, नाला तर तिकडे, पुलाखालून.

मी पिशवीतून साखळी काढली. परसरामने एक टोक कडुनिंबाच्या बुंध्याला धरलं. पहिल्या दगडाचं माप मला पाठ होतं, चार साखळ्या नऊ आणे झाल्यावर मी थांबले आणि तिथे खणायला सांगितलं. वीतभर खाली, मग आणखी वीतभर. काळं काहीतरी लागलं. परसरामने ते हातावर घेऊन पुढे धरलं. कोळसा तसाच्या तसा होता. मी त्या तरुणाला दगडांची सगळी हकिकत सांगितली, जबाबाची नक्कल काढली आणि पहिली ओळ वाचून दाखवली, थावरी नायकीण म्हणाली, हे पाण्याची जागा हाये, साहेब.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. टेबलावरचा नकाशा उलगडला, माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "पण नकाशात नाही ना, मॅडम."

 परसरामने कोळसा परत खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि पायाने ती नीट दाबली.